गिरणी बंद असताना चालणारं घड्याळ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेचं पुस्तक नंतर आलं. बाबा गिरणीच्या फाटकावरच्या सभेतून पत्रक घडी करून खिशात घालून आणायचे, आणि वाचून झालं की आई ते मसाल्याच्या बरण्यांखाली फळीवर अंथरायची. बरणी उचलली की खाली ठळक अक्षरं असायची. त्यामुळे 'बदक' आणि 'कमळ' यांच्याआधी मला 'कामगार' आणि 'एकजूट' वाचता येत होतं. अजूनही गुळमुळीत वाक्य माझ्या हातून होत नाही, झालंच तर मी ते खोडते.

आमची चाळ लालबागेत, गिरणीच्या भिंतीला लागून. मधे फक्त गटाराचा बोळ. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाची खोली आमची. त्या एका खोलीत आई खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार आपापल्या पाळीप्रमाणे दोन पंगतींत जेवून जायचे. बाबा त्याच गिरणीत पॅटर्न खात्यात होते. यंत्राचा एखादा भाग ओतायचा असला की आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. त्यावरून वाळूत साचा घेतात आणि साच्यात लोखंड ओततात. ते लाकडी भाग बाबा करायचे. त्यांची खासियत दातेरी चाकांची. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

मग एक दिवस यंत्राच्या करवतीत त्यांच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. जखम भरली, आणि गिरणीने त्यांना कायमचं घरी बसवलं.

बाबा चिडले नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ते गॅलरीत बसून राहायचे. पंगतीची वेळ झाली की उठून जिन्यात जाऊन उभे राहायचे. कालपर्यंत जे लोक त्यांना खात्यात सलाम करायचे, त्यांनी बायकोच्या कमाईवर जेवणारा मिस्त्री बघू नये म्हणून. जेवणारे निघून गेले की परत यायचे आणि थंड झालेला भात जेवायचे.

त्या दिवसांत सगळं लालबाग, परळ, गिरगाव एकच गोष्ट ओरडत होतं: मुंबई आमची. आमच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर चाळीचा काळा फळा होता आणि तो लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. सभा कुठे, मोर्चा किती वाजता, कुणाच्या घरी पिठलं-भात पोचवायचा आहे, सगळं त्या फळ्यावर माझ्या अक्षरात. खडूने हात पांढरे करून मी एकदा घरी आले, तर बाबा आईला सांगत होते, "शिमग्याला गावाला जाऊ."

"जाऊ की," आई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"आणि तिथेच राहू. गिरगावातला एक सुतार पेटी बघून गेलाय. शिमग्याच्या आधी हातगाडी घेऊन येईल."

पेटी म्हणजे त्यांची हत्यारांची पेटी. रंधे, पटाश्या, कानशी, बारीक करवती, प्रत्येकाला लाकडात कोरलेली स्वतःची जागा. लहानपणी मला त्या पेटीला हात लावायची परवानगी नव्हती.

आईचे हात थांबले. "आणि माझी खानावळ?"

"गावात कोण जेवतो खानावळीत?"

मी भडकले. "मुंबईसाठी माणसं गोळ्या खातायत, आणि तुम्ही पेटी विकून पळून जाताय?"

"मुंबई तुमचीच राहणार आहे, बाय," बाबा शांतपणे म्हणाले. "मी इथे राहून काय करू ते सांग. तुझी आई वाढते. मी काय पाट मांडू?"

पत्रकांत अशा प्रश्नाचं उत्तर नसतं. दोन दिवस मी फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गावाला जा. पण आधी ते घड्याळ करा."

ते कुठलं, हे मला सांगावं लागलं नाही. गिरणीच्या साहेबाच्या ऑफिसात माणसापेक्षा उंच, कपाटासारखं एक लंबकाचं घड्याळ होतं. बाबा तरुण असताना त्याचं दार दुरुस्त करायला गेले होते आणि आतली चाकं बघून आले होते. मी लहान असल्यापासून ते म्हणायचे, आपण एक तसं करू, पण सगळं लाकडाचं. चाकंसुद्धा.

"कशाने करू? ह्याने?" त्यांनी हात पुढे केला.

"माझे हात आहेत. तुम्ही सांगा, मी कापते."

"तुला खडू धरता येतो. पटाशी वेगळी."

"शिकवा मग. आणि हे बघा बाबा, चाळीला घड्याळ हवंय. मी फळ्यावर लिहिते 'सकाळी ठीक आठला'. ठीक आठ झाले हे सांगतो कोण? गिरणीचा भोंगा. हरताळाच्या दिवशी भोंगा वाजत नाही आणि आपली माणसं कुणी सातला येतात, कुणी नऊला. मालकाच्या भोंग्यावर आपण मोर्चे काढतो!"

चाळीत गजराची दोन-तीन घड्याळं होती, पण त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नव्हतं.

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "चाललं तर राहीन. नाही चाललं तर पेटी जाईल, आणि तू मधे एक शब्द बोलायचा नाहीस."

"नाही बोलणार."

आई म्हणाली, "ही? नाही बोलणार?" पण तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि जागा करून दिली.

लाकूड मिळालं गिरगावात पाडलेल्या एका इमारतीच्या दाराचं, जुनं ब्रह्मदेशी सागवान. कारखाना आमच्या खोलीतच. पहिली पंगत उठल्यापासून दुसरी बसेपर्यंत खोली आमची. भिंतीला टेकवलेले जेवणाचे पाट एकावर एक रचून त्यांचा ओटा करायचा, त्यावर फळी, फळीवर काम. दुसऱ्या पंगतीच्या आधी भुसा झाडून, जमीन पुसून पाट पुन्हा मांडायचे. तरी भुसा राहायचाच.

"वहिनी, आज आमटीत सागवान जरा जास्त पडलंय," एक जण म्हणायचा.

"महाग असतं ते. चावून खा," आई म्हणायची.

चाक अखंड फळीतून कापायचं असतं असं मला वाटत होतं. बाबा म्हणाले, तसं केलंस तर निम्मे दात पहिल्याच दिवशी तुटतील. लाकडाचा धागा एकाच दिशेने जातो. जिथे तो दाताला आडवा येतो तिथे दात उडतो. म्हणून पॅटर्नवाले चाक पाकळ्यांचं करतात. वर्तुळाचे तुकडे वेगवेगळे कापायचे, प्रत्येक तुकड्याचा धागा दातांच्या दिशेने ठेवायचा, आणि सरसाने एकमेकांना चिकटवून गोल पुरा करायचा. बाबा डाव्या हाताने कंपास धरून दात आखायचे. डाव्या हाताची रेघ सुरुवातीला थरथरायची. ती थरथर कमी होत गेलेली मी पाहिली, पण बोलले नाही. शब्द दिला होता.

मी कापायची. करवतीने दात मोकळा करायचा, मग कानशीने घासायचा. बाबा अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत चाक धरायचे आणि डोळ्यांजवळ नेऊन फिरवायचे.

"हा दात जाडा आहे."

"कुठे जाडा? केसभर असेल."

"केसभरच. तुझ्या भाषणात चालत असेल."

"माझ्या भाषणात केसभरही चालत नाही."

"मग इथे का चालवतेस?"

मी पुन्हा घासायची. हाताला घट्टे पडले. कॉलेजात एका मैत्रिणीने विचारलं, घरी जातं ओढतेस का. मी म्हटलं, वेळ घडवतेय. ती हसली. मला स्वतःलाही ते वाक्य जरा जास्त झालं असं वाटलं.

चळवळीत हाताला येईल ते काम करायचं असतं, आणि घड्याळाचंही तसंच झालं. वजनासाठी वनस्पती तुपाचा डबा आला, त्यात वाळू आणि लोखंडाचा चुरा. लंबकाचं गोल वजन म्हणून आईने टोपाचं पितळी झाकण दिलं आणि आठवडाभर त्या टोपावर ताट झाकत राहिली. लंबक टांगायला लवचिक पोलादाची पट्टी लागते. ती आमच्याकडे जेवणाऱ्या एका मालवणी विणकराने आणली, मागाच्या मोडक्या फणीतली. वयाने बाबांच्या बरोबरीचा, तोंडाने फटकळ. पट्टी हातावर ठेवून म्हणाला, "घे गो चेडवा. जल्मभर हेच्यातसून सूत गेला. आता वेळ जाऊं दे."

तबकडी मी रंगवली. आकडे मराठी काढले. चाळ कमिटीचा चिटणीस, फोर्टात कारकुनी करणारा एक तरुण, चहा पीत बघत होता. म्हणाला, "दिल्लीवाले ही वेळ मानणार नाहीत."

"त्यांनी मानावं म्हणूनच काढलेत," मी म्हटलं.

घड्याळ जोडून उभं राहिलं तेव्हा गिरण्या बंद होत्या. हरताळ चालला होता, कामगार घरी होते आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कपाट छताच्या जरा खाली येत होतं. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी आवळलेले. वेळ लावायची होती ती कोपऱ्यावरच्या इराण्याच्या रेडिओवरून. एक जण हॉटेलच्या दारात, एक रस्त्यावर, एक जिन्यात, एक आमच्या दारात असे उभे राहिले. रेडिओवर ठोका पडला की दारातल्याने हात हलवायचा, रस्त्यावरच्याने ओरडायचं, आणि ते ओरडणं मजल्या-मजल्याने वर यायचं. "झाले!" "झाले!" "झाले रे!" बाबांनी डाव्या हाताने लंबकाला हलका धक्का दिला.

टक्. टक्.

लाकडी घड्याळाचा आवाज धातूच्या घड्याळासारखा तीक्ष्ण नसतो. पाटावर बोटाने वाजवावं तसा असतो. संध्याकाळी पुन्हा रेडिओशी ताडून पाहिलं, वेळ जुळत होती. दुसऱ्या दिवशीही जुळली. त्या दिवशी बाबा पहिल्या पंगतीच्या वेळी जिन्यात गेले नाहीत. घड्याळाशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले आणि विचारणाऱ्याला चाकं दाखवत राहिले. आईने मला डोळ्याने खूण केली. मी बोलले नाही.

मग हरताळ संपला, भोंगा झाला, गिरणी सुरू झाली, आणि दुपारच्या आत घड्याळ बंद पडलं.

बाबांनी लंबक पुन्हा हलवला. थोडा वेळ चाललं, झोका लहान होत गेला आणि थांबलं. त्यांनी वजनाच्या डब्यात वाळू वाढवली. थांबलं. मी सगळे दात पुन्हा तपासले, कण्यांना मेण लावलं, कपाटाखाली पाचर सारून ते ओळंब्यात घेतलं. तरी थांबलं. रविवारी मात्र दिवसभर सुरळीत चाललं. आम्हाला वाटलं, जमलं. सोमवारी पुन्हा तेच.

आठवडाभर असं झाल्यावर बाबांनी लंबक हाताने धरून स्थिर केला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. गिरगावला निरोप गेला: येत्या रविवारी या.

"बाबा..."

"शब्द दिलायस."

मी जिन्यात जाऊन फळ्यासमोर उभी राहिले. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की मुंबई आम्ही सोडणार नाही. मला तो फळा फोडावासा वाटला.

पुढे जे झालं ते पंगतीत झालं. त्या दिवशी दुपारी मालवणी विणकर जेवायला बसला होता. बाबा पुन्हा पूर्वीसारखे बाहेर निघाले होते आणि दाराशी पोचले होते. विणकराने भातावर कढी ओतली आणि बंद घड्याळाकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, ह्या घड्याळ आमचा काय मालकाचा? आम्ही हरताळ करतो तेव्हा ह्या कामाक लागता. गिरण चालू झाली की ह्या बसता. फितूर मेला!"

पंगत हसली. आई हसली. मीही हसणार होते, तेवढ्यात बाबांचा चेहरा दिसला. ते उंबऱ्यात थांबले होते आणि भांड्यांच्या फळीकडे बघत होते.

"सगळे गप्प बसा," ते म्हणाले. "चावू नका."

पंगत थांबली. तेव्हा मला ते ऐकू आलं. फळीवरच्या पितळी वाट्या, पेले, ताटं एकमेकांना लागून बारीक वाजत होती. गिरणीचे माग चालू असले की ती वाजतात. माझ्या जन्मापासून वाजत होती आणि म्हणूनच आम्हाला कधी ऐकू येत नव्हती.

"जमीन हलते," बाबा म्हणाले. "जमीन हलते, कपाट हलतं, आणि कपाट लंबकाचा जोर खातं. आपण घड्याळ लावलं हरताळात! सगळं थंड असताना!"

गिरणीच्या भिंतीला लागून जन्म काढलेली माणसं, आणि आम्ही घड्याळ लावलं ते गिरणी बंद असताना. बाबा जिन्याकडे गेले नाहीत. त्यांनी एक पेला उचलला, काठोकाठ पाणी भरलं आणि जमिनीवर ठेवला. पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत होती.

"तक्तपोशीची जमीन, नुसत्या फळ्या," मी म्हटलं. "भिंतीला लावलं तर?"

त्यांनी पेला खिडकीच्या फळीवर ठेवला. वर्तुळं तिथेही. आमच्या खोलीच्या भिंती पातळ.

"खात्यात इंजिनाचा पाया वेगळा घेतात," बाबा म्हणाले. "इथे काहीतरी असं शोधायला हवं जे हलतच नाही."

मग आम्ही दोघं पेला घेऊन चाळभर फिरलो. पुढे बाबा, मागे मी, आणि आमच्या मागे अर्धी पंगत, हात न धुतलेली. प्रत्येक दारात तोच प्रश्न.

"मिस्त्री, पाणी कुणाला पाजताय?"

"भिंतीला."

"आमच्या भिंतीला तहान नाही हो, आधी आमच्या नळाला पाजा!"

खिडक्या, कोनाडे, उंबरे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीने देवघरातला दिवा बाजूला करून जागा दिली आणि पाणी हललं तसं म्हणाली, "माझा देवसुद्धा हलतोय काय इतकी वर्षं?" सगळीकडे वर्तुळं. शेवटी जिन्याचं पहिलं वळण राहिलं. तिथली भिंत दगडी, खालपासून वरपर्यंत एकसंध, जिना तिच्यात अडकवलेला. भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्यात बाबांनी पेला ठेवला. आम्ही डोकी लावून पाहिलं. पाणी आरशासारखं होतं.

कोनाड्याच्या वर, ती सगळी भिंत व्यापून, माझा फळा होता.

बाबांनी फळ्याकडे पाहिलं, मग पेला उचलून पाणी पिऊन टाकलं. "राहू दे," ते म्हणाले. "फळा महत्त्वाचा आहे." आणि वर निघून गेले.

मला हे सांगितलंच पाहिजे की मी लगेच हो म्हटलं नाही. तो फळा आमचा होता, चळवळीचा. माणसं कामावरून येताना तिथे थांबायची, एक जण मोठ्याने वाचायचा आणि ज्यांना वाचता येत नाही ते ऐकायचे. मी जिन्याच्या पायरीवर बसून विचार केला, आणि मग चिटणीसाला जाऊन सांगितलं की फळा हलवायचा आहे.

"फळा हलणार नाही," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांचं घड्याळ लावायचं म्हणून चळवळीचा फळा काढायचा? तुला तरी शोभतं का?"

"माझ्या वडिलांचं आहे म्हणूनच सांगतेय. मुंबई आमची असं त्या फळ्यावर मी रोज लिहिते. वर एक माणूस पेटी विकून मुंबई सोडायला निघालाय. त्याला थांबवता येत नसेल तर मी लिहू काय?"

"भावनेचा प्रश्न नाहीये."

"मग कामाचा घे. फळा कुठेही टांग, अक्षरं हादऱ्याने पुसली जात नाहीत. लंबकाला ती एकच भिंत आहे. तू ते पाणी बघायला ये."

"आणि टांगणार कुठे?"

"खाली, गॅलरीच्या कठड्याला."

"तिथे पाऊस लागतो."

"तर पावसाच्या आधी महाराष्ट्र मिळवा!"

तो हसला नाही, पण पकड शोधायला उठला. महाराष्ट्र पावसाच्या आधी मिळाला नाही. अजून बऱ्याच गोष्टी व्हायच्या होत्या. फळा कठड्यालाच राहिला, पावसाळ्यात वर गोणपाट घालून, आणि राज्य झाल्याची ओळही मी तिथेच उभी राहून लिहिली.

शनिवारी फळा निघाला. बाबांना तो आवाज ऐकू गेला असणार, कारण ते खाली आले. मी खिळे उपसत होते. भिंतीवर डावा तळहात टेकवून उभे राहिले, मग वर जाऊन पेटी घेऊन आले.

रविवारी आम्ही घड्याळ खुंट्या काढून सुटं केलं, तुकड्यातुकड्याने खाली आणलं आणि वळणावर पुन्हा जोडलं. कपाटाच्या पायाला जमीन लागू दिली नाही. दगडात लोखंडी मेखा ठोकून कपाट पाठीने भिंतीला आवळलं. मेखा मी धरल्या, हातोडा बाबांनी डाव्या हाताने मारला. काम अर्ध्यात असताना गिरगावचा सुतार आला. खाली त्याची हातगाडी उभी.

"मिस्त्री, पेटी?"

पेटी उघडी, पायऱ्यांवर निम्मी हत्यारं पसरलेली. बाबांनी वळून पाहिलं. "आज नाही. उद्या या. गिरणी चालू असताना या."

"मी हातगाडी आणलीय की."

"उद्या पण आणा. लागली तर लागली."

तो बडबडत गेला. मला वाटलं होतं बाबा म्हणतील, जा, पेटी विकायची नाही. ते म्हणाले नाहीत. गिरणी बंद असताना घड्याळ चालणं याला आता त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

सोमवारी भोंगा झाला. माग सुरू झाले. घड्याळ रविवारपासून चालत होतं. पाणी भरून वर निघालेल्या बायका वळणावर थबकायच्या, कान लावायच्या, आणि कळशी कमरेवर सावरून पुढे जायच्या. मी कॉलेजला गेले नाही. बाबा समोरच्या पायरीवर बसून लंबकाचा झोका बघत होते. आई वरून दोनदा ओरडली की चहा थंड होतोय.

झोका लहान होत नव्हता.

दुपार झाली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तेव्हा चिटणीसाचा धाकटा भाऊ तबकडीकडे बोट दाखवून ओरडला, "मिस्त्री, तुमचं घड्याळ मागे आहे! भोंगा आधी झाला!"

जिन्यात होते तेवढे सगळे थांबले. बाबांनी तबकडीकडे पाहिलं, मग त्याला म्हणाले, "जा, इराण्याच्या रेडिओवर विचारून ये."

तो धावत गेला आणि धापा टाकत आला. "घड्याळ बरोबर आहे!"

"मग भोंगा चुकलाय," बाबा म्हणाले. "जाऊन सांगा त्यांना."

असा गलका झाला की तिसऱ्या मजल्यावरून आई हातात उलथनं घेऊन खाली वाकून बघायला लागली. मालवणी विणकर पाळी संपवून जिना चढत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून घड्याळाला नमस्कार केला आणि म्हणाला, "फितूर म्हटलंय, माफ कर हां बाबा."

त्या गर्दीतच गिरगावचा सुतार वर आला. त्याने कपाटाचं दार उघडून आत पाहिलं, चाकाच्या पाकळ्यांच्या जोडावरून नख फिरवलं.

"हे दात कुणी कापले?"

"हिने," बाबा म्हणाले.

"आणि पेटी?"

"लागतेय," बाबा म्हणाले. "ह्याला रोज चावी द्यावी लागते. वजन रोज वर ओढायचं. पावसात लाकूड फुगेल, दात घासावे लागतील. गावाला गेलो तर हे कोण करणार?"

सुतार माझ्याकडे बघून म्हणाला, "ही करेल की."

"हिला भाषणं आहेत," बाबा म्हणाले. "चला, जेवूनच जा आता. हातगाडी राहू दे खाली."

आम्ही वर आलो. खोलीत पाट भिंतीला टेकवलेले होते. आई चुलीपाशी वळून भात उतरवत होती आणि दाराबाहेर माणसं हात-पाय धुऊन उभी होती. मी पाट घ्यायला वाकले, तर बाबांनी मला कोपराने बाजूला सारलं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत एक पाट धरला, डाव्या हातात दुसरा. भिंतीकडेने एका ओळीत ते मांडत गेले, दोन पाटांमधलं अंतर डोळ्याने मोजत, चाकाचे दात आखताना मोजायचे तसं.

आईने भाताचं भांडं हातात घेऊन मागे पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"बसा," बाबा दाराकडे बघून म्हणाले. "वेळ झाली."